दोन बाजू आणि एक काटा

जिल्हा डेस्कवर मी उपसंपादक म्हणून रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न कानावर पडला. पुढे पंचवीस वर्षं तो रोज ऐकला आणि रोज दुसऱ्यांना विचारला : ‘त्यांचं व्हर्जन घेतलंय का?’ तालुक्याहून वार्ताहराचा फोन आला की बातमी काय आहे याच्याआधी मी हेच विचारत असे. नियम चांगला होता. कुणावर आरोप छापायचा तर त्याला बोलायची संधी द्यायची, ही साधी माणुसकी आहे. ज्या गावात आरोप करणारा आणि आरोप झालेला दोघंही एकाच आठवडी बाजाराला येतात, तिथं तर तिची गरज जास्तच. म्हणूनच या नियमाच्या आडून आपण काय चुकवतोय, हे कळायला मला फार उशीर लागला.

कळलं ते उसाच्या बिलामुळे. हंगाम संपून दोन महिने झाले होते. एका तालुक्यातून बातमी आली, कारखान्याने शेतकऱ्यांची बिलं थकवली आहेत, संघटनेने आंदोलनाचा इशारा दिला आहे. मी शिरस्त्याप्रमाणे व्हर्जन मागवलं. कारखान्याचं पत्रक आलं, बहुतांश बिलं अदा केली आहेत, हा विरोधकांचा राजकीय डाव आहे. दोन्ही मजकूर मी शेजारी शेजारी लावले, ओळीसुद्धा मोजून सारख्या ठेवल्या आणि वर मथळा दिला, ‘थकबाकीवरून आरोप-प्रत्यारोप’. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वाचकाचा फोन आला. ‘ताई, बातमी दोनदा वाचली. आमच्या गावच्या लोकांचं बिल जमा झालंय का नाही, ते कुठं लिहिलंय?’

कुठंच लिहिलेलं नव्हतं, लिहिता मात्र आलं असतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. कुणाचं गाळप किती, एफआरपीप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या किमान दराने, देणं किती, दिलं किती, राहिलं किती, याचे तक्ते पुण्याच्या साखर संकुलातून साखर आयुक्तालय हंगामात वेळोवेळी काढतं. थकबाकी फार साचली तर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. त्या दिवशी आकडा एका फोनच्या अंतरावर होता. मी तो फोन केला नाही, कारण दोन्ही बाजू हातात पडल्या की बातमी पूर्ण झाली, असं हाताला वळण पडलं होतं.

सोलापूर जिल्ह्यात ऊस घालणाऱ्या माणसाला काटा समजावून सांगावा लागत नाही. गाडी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची, मधला फरक म्हणजे ऊस. काटा मारला जातोय असा संशय आला की वैधमापनवाल्यांना बोलवा अशी मागणी होते, प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला जातो. शेतकरी म्हणतो वीस टन भरला, कारखाना म्हणतो अठरा, म्हणून पावतीवर कुणी एकोणीस लिहीत नाही. बातमीच्या टेबलावर मी तेच करत होते.

या पुस्तकात ज्याला ‘फसवा समतोल’ म्हटलं आहे तो हाच. लेखक सोलापूर शहरातच वार्ताहर म्हणून घडले. त्यांनी प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी आधी नाही म्हटलं, कारण यातल्या बऱ्याच दोषांत माझा हात आहे. त्यांचं म्हणणं पडलं, म्हणूनच लिहा.

पक्षपात वाचकाला नवा नाही. सोलापुरात चहाच्या टपरीवर पेपर हातात घेताना पहिला प्रश्न असतो, ‘हा कुणाचा पेपर?’ मालक कोण, कुठल्या नेत्याचा फोटो किती कॉलम लागतो, कुणाच्या सभेची गर्दी दिसते आणि कुणाच्या सभेतल्या रिकाम्या खुर्च्या, हे वाचक बरोबर ओळखतो आणि तेवढी सूट देऊन वाचतो. फसव्या समतोलाला मात्र तो अशी सूट देत नाही, कारण तो प्रामाणिकपणासारखा दिसतो. दोन चौकटी, दोन फोटो, दोन्ही बाजूंना सारखी जागा : अशा पानावर अविश्वास का ठेवावा? राजकारणातल्या माणसांनी हे आमच्याआधी ओळखलं. कागदपत्रं लावून केलेली बातमी आली की तिचं खंडन करण्याची गरज नसते, संध्याकाळपर्यंत एक पत्रक काढलं की झालं. दुसऱ्या दिवशी पुरावा आणि पत्रक एकाच उंचीवर उभे राहतात.

हा रोग जगभर ओळखीचा आहे. अमेरिकेतल्या चार मोठ्या दैनिकांनी १९८८ ते २००२ या काळात हवामानबदलाच्या बातम्या कशा दिल्या, याचा अभ्यास बॉयकॉफ बंधूंनी २००४ साली प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञांचं बहुतांशी एकमत झालेलं असताना निम्म्याहून जास्त बातम्यांनी माणसाच्या हातून होणारी तापमानवाढ आणि निसर्गाचे चढउतार या दोन म्हणण्यांना जवळपास सारखं वजन दिलं होतं. पण मला हे समजायला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. माळशिरस तालुका पुरतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे निकाल लागले आणि आठवड्याभरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं नाव देशभर गेलं. मतदारसंघात राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर यांनी भाजपचे राम सातपुते यांचा तेरा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला होता. मारकडवाडीत मात्र सातपुते यांना १००३ आणि जानकर यांना ८४३ मतं दिसली. जानकरांच्या बाजूच्या गावकऱ्यांना हे पटेना. ३ डिसेंबरला गावातच मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं त्यांनी ठरवलं. प्रशासनाने याला कायद्यात तरतूद नसल्याचं सांगून जमावबंदी लावली, मोठा बंदोबस्त आला, मतदान थांबलं, गुन्हे दाखल झाले. मग शरद पवार येऊन गेले, त्यांच्यामागून भाजपचे नेते सभा घ्यायला आले.

त्या पंधरवड्याची कात्रणं माझ्याकडे आहेत. बहुतेक जागा दोन वाक्यांनी खाल्ली आहे. एक बाजू म्हणते यंत्रात घोळ आहे, दुसरी म्हणते गावाने विकासाला मत दिलं. दोघांनाही सारखे कॉलम. वाचकाला यातून काय मिळालं? ज्याचा जो पक्ष होता तो अधिक पक्का झाला.

जे तपासता येत होतं त्याची यादी लेखकाने या पुस्तकातल्या सर्वांत मोठ्या प्रकरणात दिली आहे, आणि मला ते प्रकरण पुस्तकाचा कणा वाटतं. मतदान संपताना प्रत्येक केंद्रावर नमुना १७ सी भरला जातो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. त्यावरची एकूण मतं आणि मोजणीतली मतं जुळतात का, हे पाहता येतं. नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली ते लिहिलेलं असतं, म्हणजे २०१९ ची आणि २०२४ ची केंद्रं शेजारी ठेवता येतात. दोन्ही वेळा लढत याच दोघांत होती. २०१९ ला जानकर थोडक्यात हरले होते. पण आकडे शेजारी ठेवूनही थांबायचं नाही, कारण मधल्या पाच वर्षांत तालुक्याचं राजकारण उलटंपालटं झालं होतं. २०१९ मध्ये तालुक्यातलं वजनदार मोहिते-पाटील घराणं सातपुते यांच्या बाजूला होतं, २०२४ मध्ये जानकर आणि मोहिते-पाटील, वर्षानुवर्षांचे विरोधक, एकत्र आले. कुठल्या वस्तीतलं मत कुठं सरकलं असेल, हे गावातल्या माणसांना विचारत हिंडण्याचं काम होतं. त्याला तीन दिवस लागले असते. पत्रकाला तीन मिनिटं लागतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याहून साधी होती. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात यंत्रं तपासून घेण्याची एक वाट ठेवली. विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची पडताळणी मागता येते. पण ती मागायची दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने, निकालापासून सात दिवसांत. माळशिरसमध्ये पहिल्या क्रमांकावर जानकरच होते. निवडणूक याचिका मतदारालाही ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करता येते, पण ती निवडून आलेल्या उमेदवाराच्या निवडीविरुद्ध, म्हणजे इथं गावकऱ्यांच्याच माणसाविरुद्ध. आपला उमेदवार जिंकला पण आपल्या गावचा आकडा पटत नाही, अशा मतदाराने कुठं जायचं? कायद्यात त्याच्यासाठी दारच नव्हतं. मारकडवाडीची खरी बातमी ही होती, आणि ती सांगायला ना जानकरांचा पक्ष पुढे येणार होता ना सातपुत्यांचा, कारण ती दोघांच्याही सोयीची नव्हती.

माझं मतही इथं सांगते. गावातलं ते मतदान झालं असतं तरी त्यातून फारसं सिद्ध झालं नसतं. सगळे आले नसते, जे आले असते त्यांच्यावर सगळ्या गावाची नजर असती, आणि गुप्ततेशिवायचं मत हे पहिल्या मताशी ताडून बघता येत नाही. पण शंका घेणाऱ्यांना आकडे उघडून दाखवण्याऐवजी गुन्हे दाखल करणं हेही उत्तर नव्हतं. हे लिहिताना मी दोन बाजूंचा मध्य काढलेला नाही. प्रत्येक दावा वेगळा तोलला, आणि दोन्ही हलके भरले.

हे काम होत नाही याला कारण फक्त आळस नाही. तालुक्याचा वार्ताहर कसा जगतो हे वाचकांना सहसा माहीत नसतं. मानधन नावापुरतं. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, आणि पुष्कळ ठिकाणी पेपरची एजन्सीही त्याच्याच घरात. जाहिराती देणार कोण? आमदारांचा वाढदिवस, चेअरमनचा सत्कार, पतसंस्थेचा वर्धापनदिन, कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस. ज्यांच्या कारभाराची बातमी करायची त्यांच्याकडेच पुरवणीसाठी जायचं. त्यात वरून टार्गेट येतं. अशा माणसाला ‘त्यांचं व्हर्जन घे’ म्हणणं सोपं, ‘त्यांचा तक्ता तपास’ म्हणणं कठीण. व्हर्जन घेतल्याने कुणी दुखावत नाही. समतोल ही त्याची ढाल होती, आणि मी डेस्कवर बसून ती त्याच्या हातात देत होते, कारण मलाही तीच हवी होती.

ही व्यवस्था टोकाला गेली की काय होतं, ते महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिलं की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं गुणगान करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दश: सारखा आला होता, आणि तो जाहिरात म्हणून नव्हे तर बातमी म्हणून छापला होता. पानंच्या पानं भरली होती. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. त्यांच्याविरुद्ध लढलेले माधव किन्हाळकर यांनी तक्रार केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निवडणूक आयोगाला चौकशीचा अधिकार आहे असं न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. आयोगाने पुढे चव्हाणांना दिलेली नोटीस त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. अशा विकत घेतलेल्या बातम्यांच्या चौकशीसाठी प्रेस कौन्सिलने नेमलेल्या परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या समितीने ७१ पानांचा अहवाल तयार केला. कौन्सिलने २०१० मध्ये त्याची छोटी आवृत्तीच स्वीकारली आणि पूर्ण अहवाल माहितीच्या अधिकारातून बाहेर काढावा लागला. पैसे घेऊन छापलेली बातमी हा उघड गैरप्रकार आहे, त्याबद्दल संताप सगळ्यांनाच येतो. रोजच्या समतोलात असा कुठलाही व्यवहार नसतो, पाकीट नसतं, आणि तरी वाचकाच्या हाती सत्य पडत नाही. मला त्याची काळजी जास्त वाटते.

इथं एक गैरसमज टाळायला हवा. पत्राने बाजू घेऊ नये, असं या पुस्तकाचं म्हणणं नाही आणि माझंही नाही. मराठी वृत्तपत्रं बाजू घेऊनच मोठी झाली. दीनबंधू, केसरी, सुधारक : कुणी आपली भूमिका लपवली नाही. आणि सोलापूरने तर याची किंमत मोजली आहे. ८ मे १९३० ला इथं गोळीबार झाला, १२ मे ला मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या दिवसांत ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना शिक्षा झाली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात ज्या चौघांना फाशी दिलं त्यांत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते. ते ‘गझनफर’ हे पत्र चालवत. वय विशीच्या आसपास. त्या महिन्यांत गावात काय घडलं याच्याही दोन बाजू होत्या, एक सरकारची आणि एक गावाची. राजवाडे आणि कुर्बान हुसेन यांनी त्यांना सारखे कॉलम दिले नाहीत. रोज या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून ऑफिसला जाताना मी हे विसरत असे, याचं मला आज वाईट वाटतं.

बाजू उघड असली की वाचक तिच्याशी भांडू शकतो. भांडता येत नाही ते वगळण्याशी. १९२० साली ‘मूकनायक’ निघालं तेव्हा पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हे डॉ. आंबेडकरांनी नोंदवून ठेवलं आहे. त्या काळच्या पानांवर जहाल-मवाळ वाद भरपूर होता, पण अस्पृश्य ही त्यातली बाजूच धरली जात नव्हती. आजही ‘दोन्ही बाजू’ म्हणताना त्या कोण, हे आधीच ठरलेलं असतं. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीतली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली, तेव्हा श्रेय कुणाचं यावर पानं भरली, मोदींचं की कामगार नेते आडम मास्तरांचं. घर घेणारी बहुसंख्य माणसं असंघटित कामगार होती, त्यांत विडी वळणाऱ्या बायका होत्या. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख सोडून उरलेला वाटा त्यांना स्वतः उभा करायचा होता. हजार विड्यांच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईने तो कसा उभा केला, तिचा हप्ता किती, हे श्रेयाच्या वादात कुठल्या बाजूला बसवायचं? ती बाजूच नव्हती. पुस्तकातलं रे नगरवरचं प्रकरण लहान आहे, लेखकाने ते आणखी वाढवायला हवं होतं. सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू बोलणाऱ्या बायकांशी बोलायला वेळ आणि भाषा दोन्ही लागतात, हे मान्य करूनही मी हे म्हणते.

वाचकाने काय करावं, यावर लेखकाने उपदेश केलेला नाही, फक्त आपली पद्धत सांगितली आहे. बातमी वाचताना ते समासात पेन्सिलीने लिहितात : यातलं तपासता येण्यासारखं काय, आणि कुठं? मत, आरोप, खंडन यांच्यावर नुसती काट मारतात. बऱ्याच बातम्यांत काट मारून झाल्यावर खाली काहीच उरत नाही. ज्यात उरतं ती बातमी कापून ठेवतात. पुस्तकातले मजकूर या कात्रणांतून आले आहेत.

त्या वाचकाच्या फोननंतरच्या हंगामात पुन्हा थकबाकीची बातमी आली, तेव्हा मी साखर आयुक्तालयाचा तक्ता मागवला आणि दोन्ही बाजूंची वाक्यं दोन-दोन ओळींत आटोपून तो मध्ये छापला. कारखान्याचं नाव, देणं, दिलेलं, राहिलेलं, किती तारखेपर्यंतचं. दुसऱ्या दिवशी एका कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस आमच्याकडे येता येता थांबली आणि वार्ताहराचं कमिशन बुडालं. त्याने मला बोल लावला नाही. महिन्याभराने मी एका कामासाठी त्याच्या तालुक्यात गेले होते. तो मला एका गावच्या विकास सोसायटीत घेऊन गेला. सूचनाफलकावर तो तक्ता कापून चिकटवला होता. खालच्या कोऱ्या जागेत लोकांनी पेनाने आपापली नावं लिहिली होती, नावापुढे टन आणि टनापुढे अजून न आलेले रुपये. शेवटच्या दोन ओळींना कागद पुरला नव्हता म्हणून त्या फलकाच्या लाकडावरच लिहिलेल्या होत्या.